प्रिगोझिनचं विमान : सांगाडा काय सांगतो, कुठे गप्प बसतो

प्रश्न असा आहे : ‘वॅग्नर या रशियन भाडोत्री फौजेचा म्होरक्या येवगेनी प्रिगोझिन ज्या विमानात होता ते नेमकं पडलं कसं? कुणी क्षेपणास्त्र म्हणतं, कुणी बॉम्ब. पुतिन म्हणतात आतच हातबॉम्ब फुटले. आणि काहीजण तर म्हणतात, तो मेलाच नाही, आफ्रिकेत कुठेतरी मजेत आहे. तुम्ही विमान अपघातांच्या चौकशीतले. तुम्हाला काय वाटतं?’

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. तो मेला. विमान क्षेपणास्त्रानं पाडलेलं नाही, असं माझं मत आहे आणि ते बरंच ठाम आहे. यंत्रबिघाडाची शक्यता मी जवळजवळ शून्य धरतो. विमानाच्या आत किंवा त्याच्या अंगाला लावलेलं काहीतरी फुटलं. ते कुणी लावलं हे अवशेष सहसा सांगत नाहीत, ते काम पोलिसांचं आणि हेरांचं. पण अवशेषांना जेवढं सांगता आलं असतं तेवढंही त्यांना जगासमोर सांगू दिलं गेलं नाही, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला या प्रकरणात तीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

धंदा म्हणजे आधी एकतीस वर्षं हँगरमध्ये विमानांची देखभाल आणि नंतर निवृत्तीपर्यंत अपघात व ‘घटना’ यांच्या चौकशांतली तांत्रिक बाजू. (‘घटना’ म्हणजे अपघात होता होता वाचलेलं प्रकरण. त्यांची फाइल जाड असते आणि बातमी कुठेच नसते.) मी रशियाला गेलेलो नाही, ते तुकडे हातात घेतलेले नाहीत. जगानं जे पाहिलं तेच मीही घरी बसून पाहिलं.

आधी थोडी उजळणी. प्रिगोझिन लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. तरुणपणी चोरी-दरोड्यापायी तुरुंगात गेला आणि १९९० मध्ये सुटला. मग हॉट डॉगच्या गाड्या, उंची रेस्टॉरंटं, आणि शेवटी सरकारी मेजवान्यांची व जेवणावळींची मोठमोठी कंत्राटं. ‘पुतिनचा आचारी’ हे नाव तिथून पडलं, त्यानं स्वतः कधी फोडणी दिली असेल असं वाटत नाही. वॅग्नर २०१४ पासून होतं, पण ते आपलं आहे हे त्यानं कबूल केलं थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. युक्रेन युद्धात त्यानं तुरुंगातून कैदी भरती केले आणि बाखमुतच्या लढाईत झोकले. तिथे आपली २०,००० माणसं मेली हे त्यानंच सांगितलं. मे २०२३ मध्ये प्रेतांच्या रांगेसमोर उभं राहून संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव्ह यांना दारूगोळ्यासाठी शिव्या घातल्या. २३ जूनला बंड केलं, रोस्तोव्हमधलं लष्करी मुख्यालय ताब्यात घेतलं आणि फौज मॉस्कोच्या रोखानं निघाली. वाटेत तिनं रशियाचीच काही हेलिकॉप्टरं आणि एक इल्यूशिन-२२ विमान पाडलं. त्यातले वैमानिक मेले. या बंडाबद्दल लिहिताना लोक बहुधा हे वाक्य गाळतात. हवाई दलातली माणसं ते गाळणार नाहीत.

मॉस्को सुमारे २०० किलोमीटरवर असताना बेलारूसचे लुकाशेन्को मध्ये पडले आणि फौज मागे फिरली. पुतिन यांनी २४ जूनच्या सकाळी टीव्हीवर ‘पाठीत खंजीर’ म्हटलं होतं, आणि पाचच दिवसांनी, २९ जूनला, त्यांनी त्याच माणसाला त्याच्या कमांडरांसह क्रेमलिनमध्ये बोलावून घेतलं. २३ ऑगस्टला बंडाला बरोबर दोन महिने झाले, त्या संध्याकाळी विमान पडलं.

आता माझ्या कामाचा भाग.

विमान एम्ब्रेअर लेगसी ६००, नोंदणी आरए-०२७९५. ब्राझीलमध्ये बनलेलं, दोन इंजिनं शेपटीजवळ दोन्ही बाजूंना, पंख खाली, शेपटीच्या टोकावर आडवा पंख. मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावरून सेंट पीटर्सबर्गकडे निघालं होतं. आत दहा माणसं : सात प्रवासी, तीन कर्मचारी. प्रवाशांत प्रिगोझिन, ज्याच्या टोपणनावावरून फौजेला नाव मिळालं तो दिमित्री उत्किन, आणि रसदीचा कारभार बघणारा वालेरी चेकालोव्ह. म्हणजे मालक, सेनापती आणि कोठावळा एकाच विमानात. साध्या कंपन्यासुद्धा आपले वरचे तीन अधिकारी एका विमानात बसवत नाहीत, आणि ही तर बंड करून आलेली माणसं! पण ते असो.

विमान २८,००० फुटांवर सरळ चाललं होतं. त्या भागात उपग्रह-संकेतांत अडथळे असल्यामुळे विमानाची जागा नीट मिळत नव्हती, पण उंची, वेग, चढ-उताराचा दर ही माहिती विमान स्वतः पाठवत होतं आणि ती सार्वजनिक मागोवा घेणाऱ्या यंत्रणांनी टिपली. मॉस्कोच्या वेळेनुसार सहा वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत त्यात काही म्हणजे काही वावगं नाही. मग एकदम खाली, वर, पुन्हा खाली, आणि सुमारे तीस सेकंदांत ८,००० फूट. नंतर आकडे थांबतात.

ही तीस सेकंदं नीट बघा. इंजिन बंद पडलं तर विमान असं वागत नाही, ते हळूहळू उतरायला लागतं, दुसरं इंजिन असतं, वैमानिक बोलतो. आग लागली तरी आधी काही मिनिटं धावपळ असते, उंची कमी करायची परवानगी मागितली जाते, जवळचा विमानतळ शोधला जातो. इथे आधीच्या मिनिटात स्वयंचालक (ऑटोपायलट) शांतपणे आपलं काम करतोय आणि पुढच्या मिनिटात विमान हे विमानच राहिलेलं नाही. इतक्या झटकन होणाऱ्या गोष्टी फार थोड्या : टक्कर, स्फोट, किंवा सांगाड्याचा मुख्य भाग तुटणं.

त्यानंतरची चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. कुझेनकिनो गावाजवळच्या कुणीतरी फोनवर काढलेली. विमान गोल गोल फिरत खाली येतंय, मागे धुराची की इंधनाच्या वाफेची रेघ, आणि एक पंख जागेवर दिसत नाही. शेपटीचा भाग मुख्य सांगाड्यापासून बराच लांब सापडला. शेपूट लांब पडली याचा अर्थ तोडमोड जमिनीवर आपटल्यानं झालेली नाही, आभाळातच झाली. मी सांगाडा बघायला गेलो की पहिला प्रश्न हाच विचारायचो : विमानाची चारही टोकं एका जागी आहेत का? नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं. चारही एका खड्ड्याभोवती असतील तर विमान अख्खं खाली आलं. एकही लांब असेल तर ते वर तुटलं. इथे उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं, आणि तेही टीव्हीवर.

‘पण बंदी घातलेलं विमान होतं, सुटे भाग मिळत नव्हते, पंख आपोआप तुटला असेल’, असं मला एका माजी सहकाऱ्यानंच सुचवलं. विमानावर अमेरिकेनं २०१९ मध्ये निर्बंध लावले होते हे खरं, आणि तेव्हापासून आपण त्याला कुठलीही सेवा दिलेली नाही असं एम्ब्रेअरनं जाहीर केलं हेही खरं. धातू थकतो आणि पंख तुटतो, असंही घडलेलं आहे. २००५ मध्ये मायामीजवळ एका समुद्री विमानाचा पंख असाच निखळला आणि वीस माणसं गेली. पण ते विमान १९४७ सालचं होतं, रोज खाऱ्या पाण्यात उतरणारं. हे लेगसी पंधरा-सोळा वर्षांचं, खासगी वापराचं. सुटे भाग न मिळाल्यानं आधी पडदे, झडपा, पंप, सील कुरकुरतात. पंखाची धरण, म्हणजे त्याला आतून पेलणारी मुख्य तुळई, तुटायला त्याहून फार जास्त काहीतरी लागतं.

आणि हे लेगसी किती चिवट विमान आहे याचा एक दाखला या व्यवसायातल्या बहुतेकांना पाठ असतो. २९ सप्टेंबर २००६. ॲमेझॉनच्या जंगलावर एक नवंकोरं लेगसी ६०० आणि गोल कंपनीचं बोइंग ७३७ समोरासमोर घासले. बोइंग तुटून जंगलात पडलं, १५४ माणसं गेली. लेगसीच्या पंखाचं वळलेलं टोक उडालं, शेपटीचा एक भाग कापला गेला, आणि तरीही ते एका लष्करी धावपट्टीवर उतरलं. आतल्या सातही जणांना काही झालं नाही. एवढा फटका खाऊन उतरणारं विमान निरभ्र हवेत, सरळ उड्डाणात, स्वतःहून पंख टाकून देईल हे माझ्या गळी उतरत नाही.

मग क्षेपणास्त्र का नाही? पहिल्या तासात हीच बातमी होती, वॅग्नरशी जवळीक असलेल्या एका टेलिग्राम चॅनेलनं ती पसरवली. रशियाच्या हवाई संरक्षणाचा इतिहास बघता ती पटणारीही होती. पण विमानविरोधी क्षेपणास्त्र सहसा विमानाला जाऊन आदळत नाही. ते जवळ येऊन फुटतं आणि शेकडो-हजारो धातूचे तुकडे फेकतं. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर पाडलेल्या मलेशियन विमानाचं नाक आठवा, चाळणी झालेली. डच तपासकांना वैमानिकांच्या देहांत बो-टायच्या आकाराचे तुकडे मिळाले आणि त्या आकारावरून क्षेपणास्त्राचं स्फोटकाग्र (पुढचा फुटणारा भाग) ओळखलं गेलं. कुझेनकिनोच्या ज्या तुकड्यांचे फोटो बाहेर आले त्यांवर तशी चाळण मला दिसली नाही. वर, क्षेपणास्त्र सुटताना मागे धुराचा दोर सोडतं, मोठी झळ सोडतं. झळ बघायला अमेरिकेचे उपग्रह आहेत, दोर बघायला गावकरी होते. पेंटागॉननं दुसऱ्याच दिवशी सांगितलं की जमिनीवरून क्षेपणास्त्र सुटल्याची कोणतीही माहिती आपल्याकडे नाही. रशियावर चिखलफेक करायची सर्वात सोपी संधी अमेरिकेनं स्वतःहून सोडली, म्हणून मी त्या वाक्याला वजन देतो.

उरला स्फोट. स्फोटाची खूण कशी दिसते ते सांगतो, कारण एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि एका जागी फुटली की पापुद्र्याची कड बाहेर वळते. पत्रा आतून फुटला की तशाच पाकळ्या बाहेर उमलतात. स्फोट अगदी जवळ झाला असेल तर कडा नुसत्या वळत नाहीत, गुंडाळी होऊन स्वतःवरच परततात. नखानं चाचपलं तर पत्र्यावर बारीक बारीक खड्डे लागतात, देवीच्या व्रणांसारखे. तेच ओझ्यानं तुटलेल्या पत्र्याची कड तिरकी असते. आणि थकून तुटलेल्या धातूत भरती-ओहोटीच्या रेघांसारखे पट्टे दिसतात, ते भिंगाखाली मोजता येतात. एका चौकशीत मी दीड दिवस एका बोल्टचे पट्टे मोजत बसलो होतो आणि बाहेर वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे घातपातच म्हणत होते. बोल्ट बिचारा थकला होता.

पुतिन यांची गोष्ट इथे येते. ५ ऑक्टोबर २०२३ ला सोचीत ‘वाल्दाई’ या वार्षिक चर्चा-मंचाच्या बैठकीत ते म्हणाले, मृतांच्या देहांत हातबॉम्बचे तुकडे सापडले, विमानावर बाहेरून आघात झालेला नाही, तपास समितीच्या प्रमुखांनी हे मला सांगितलं. पुढे म्हणाले, मृतांच्या रक्तात दारू किंवा अमली पदार्थ होते का याची तपासणी केली गेली नाही, ती करायला हवी होती. आणि लगेच सांगितलं की बंडानंतर वॅग्नरच्या सेंट पीटर्सबर्गच्या कार्यालयात पाच किलो कोकेन मिळालं होतं. म्हणजे श्रोत्यांनी समजून घ्यायचं काय, तर नशेत हातबॉम्बशी खेळत होते आणि फुटला.

या निवेदनातलं पहिलं वाक्य मी जपून ठेवलं आहे : बाहेरून आघात नाही. क्षेपणास्त्राचा विषय त्यांनीच संपवला, स्फोट झाला हेही त्यांनीच मान्य केलं. त्यापुढचं मात्र गणितात बसवून बघू.

रशियाचा जुना एफ-१ हातबॉम्ब, ज्याला तिथले सैनिक ‘लिमोन्का’ म्हणजे लिंबू म्हणतात, त्यात सुमारे ६० ग्रॅम टीएनटी असतं. केबिन जेमतेम दोन मीटर रुंद. तिथे लिंबू फुटलं तर माणसं मरतील, खिडक्या जातील, पत्र्याला भोकं पडतील. २८,००० फुटांवर केबिनच्या पत्र्यावर आतून दर चौरस मीटरला चार-पाच टनांचा दाब असतो, त्यामुळे भोक मोठं होत जाऊ शकतं. हे सगळं मान्य. पण पंख? केबिनमधल्या छर्ऱ्यांनी पंखाची धरण तुटत नाही. १९८६ मध्ये अथेन्सच्या वाटेवर टीडब्ल्यूएच्या विमानात आसनाखाली बॉम्ब फुटला, भगदाड पडलं, चार माणसं बाहेर फेकली गेली, आणि विमान उतरलं. २०१६ मध्ये मोगादिशूहून निघालेल्या दालो एअरलाइन्सच्या विमानात बॉम्बवाला स्वतःच भगदाडातून बाहेर गेला, विमान परत येऊन उतरलं. ती विमानं मोठी होती हे कबूल, लेगसीला तेवढी सूट देता येणार नाही. तरीही या धंद्यात किलोपेक्षा जागेला जास्त महत्त्व असतं. लॉकर्बीला अर्ध्या किलोहून कमी स्फोटकानं जंबो पाडलं, कारण सूटकेस नेमकी पत्र्याजवळच्या कडेला पडली होती. म्हणून ज्याला पंख तोडायचाय तो स्फोटक पंखाच्या मुळाशी ठेवेल. डिसेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रानं पाश्चात्त्य हेरांच्या हवाल्यानं छापलं की शेरेमेत्येवोवर विमानाची तपासणी चालू असताना पंखाखाली छोटा बॉम्ब सरकवला गेला. क्रेमलिननं त्याला सवंग कादंबरी म्हटलं. हेरांच्या हवाल्याचं मला कौतुक नाही. पण पंखाखाली हा शब्द चित्रफितीतल्या विमानाशी जुळतो आणि लिंबू जुळत नाही, एवढं मी सांगू शकतो.

आणि ती रक्ततपासणी! जगात कुठेही विमान पडलं की वैमानिकांच्या देहाची विषचाचणी ही सर्वात आधीच्या कामांत असते. ते कुणाच्या संशयावर अवलंबून नसतं, तो रिवाजच आहे. दहाही देहांची ओळख डीएनएवरून पटवून २७ ऑगस्टला जाहीर केली, म्हणजे नमुने घेतले होते, प्रयोगशाळा चालू होती. त्याच नमुन्यांत दारू शोधायचं राहून गेलं, असं राष्ट्राध्यक्ष सांगतात तेव्हा एक तर त्यांना खोटी माहिती दिली गेली किंवा ते आपल्याला देत आहेत. तिसरी वाट मला दिसत नाही.

आता चौकशीचा रस्ता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीचं तेरावं परिशिष्ट आमच्या कामाची पोथी आहे. अपघात जिथे झाला तो देश चौकशी करतो, पण विमान जिथे बनलं त्या देशाला आपला प्रतिनिधी बसवायचा हक्क असतो, आणि तीस दिवसांत प्राथमिक अहवाल अपेक्षित असतो. हे बंधन आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं. देशांतर्गत उड्डाणात बरेच देश तेच पाळतात, पण पाळायलाच हवं असं नाही. मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग हे देशांतर्गत. ब्राझीलच्या ‘सेनिपा’ या चौकशी संस्थेनं येतो म्हणून कळवलं. आठवडाभरात रशियाकडून उत्तर गेलं : सध्या या नियमांखाली चौकशी सुरू करत नाही. ब्लॅक बॉक्स तर मिळाल्याचं रशियन तपास समितीनं २५ ऑगस्टलाच सांगितलं होतं. गुन्हा दाखल झाला, पण तो हवाई वाहतुकीच्या सुरक्षा नियमांचा भंग या कलमाखाली. ३० ऑगस्टला क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह म्हणाले, मुद्दाम केलेलं दुष्कृत्य हीसुद्धा एक शक्यता तपासली जात आहे. मग ऑक्टोबरातलं लिंबू. आणि त्यानंतर तांत्रिक अहवाल नाही.

तुलनेसाठी दुसरं एम्ब्रेअर घ्या. २५ डिसेंबर २०२४, अझरबैजान एअरलाइन्सचं विमान बाकूहून ग्रोझ्नीला निघालं, रशियाच्या हद्दीत त्याला फटका बसला आणि ते कास्पियन ओलांडून कझाकस्तानात अक्तौजवळ पडलं. ६७ पैकी ३८ गेले. उड्डाण आंतरराष्ट्रीय, सांगाडा कझाक जमिनीवर. ब्लॅक बॉक्स ब्राझीलला गेले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक अहवाल आला : शेपटीला भोकं, आत विमानाचे नसलेले धातूचे तुकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुतिन यांनी स्वतः मान्य केलं की आपली क्षेपणास्त्रं त्या विमानाजवळ फुटली होती. पक्षी घासले, सिलिंडर फुटला अशा आवया पहिल्या दिवशी तिथेही उठल्या होत्या. त्या विरल्या, कारण भोकांचे फोटो मोजपट्टीसकट छापले गेले.

ब्लॅक बॉक्स मिळाला म्हणजे सगळं कळतं, असंही समजू नका. एअर इंडियाचं कनिष्क २३ जून १९८५ ला आयर्लंडजवळ पडलं, ३२९ माणसं गेली. दोन किलोमीटर खोल पाण्यातून पेट्या वर काढल्या, मुंबईत आणल्या, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कॉकपिटच्या टेपचा तो शेवटचा क्षण पुन्हा पुन्हा तपासला. आमच्या पिढीतल्या मुंबईच्या विमान इंजिनिअरांना त्या टेपचं अप्रूप आणि धसका दोन्ही होतं. आपल्या शास्त्रज्ञांना त्यात पुढच्या मालकक्षातला स्फोट ऐकू आला. त्याच टेपवरून ब्रिटिश तज्ज्ञानं सांगितलं की बॉम्बचा म्हणावा असा आवाज यात सापडत नाही. भारतातल्या चौकशीचे प्रमुख न्यायमूर्ती किरपाल यांनी सगळे पुरावे एकत्र तोलून बॉम्ब असा निष्कर्ष काढला. पण हा वाद कुठे झाला? अहवालात, दोन्ही बाजूंच्या आकृत्यांसकट. कुणीही उघडून वाचावा.

आता ‘कुणी’. इथे मी तज्ज्ञ नाही, पेपर वाचणारा नागरिक आहे, तेव्हा तेवढ्याच भावानं घ्या. झेलेन्स्की म्हणाले आमचा संबंध नाही. बायडन म्हणाले मला आश्चर्य वाटलं नाही. लुकाशेन्को म्हणाले, पुतिन असं ओबडधोबड काम करणार नाहीत, जणू सुबक काम असतं तर प्रश्न नव्हता. बंडानंतर सीआयएचे प्रमुख बर्न्स यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की मी प्रिगोझिन असतो तर जेवण चाखून बघणाऱ्याला कामावरून काढलं नसतं. मॉस्कोच्या मोठ्या विमानतळावर, सगळ्यांची नजर असलेल्या माणसाच्या विमानापर्यंत पोचायला जी मुभा लागते ती फार थोड्यांकडे असते, हा माझा एकमेव व्यावसायिक मुद्दा. हँगरमध्ये पंखाखाली कोण गेलं याची नोंद असते. निदान असायला हवी. ती नोंदवही, शिफ्टची यादी आणि गेटपास, बस्स. कुठल्याही तपासात पहिल्या दिवशी जप्त करतात ते कागद हेच. ते कधी कुणाला दाखवले गेले नाहीत.

अनेकजण या मृत्यूला माळेतला एक मणी मानतात : लंडनमध्ये पोलोनियम या किरणोत्सारी विषानं मेलेला माजी रशियन हेर लित्विनेन्को, दवाखान्याच्या खिडकीतून पडलेले तेल कंपनीचे अध्यक्ष, आणि आपल्या ओडिशात रायगडा या गावच्या हॉटेलात डिसेंबर २०२२ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं मेलेले दोन रशियन पाहुणे. माळ बघून संशय यावा हे ठीक. पण लित्विनेन्कोच्या बाबतीत ब्रिटिश न्यायाधीशांनी पोलोनियमचा माग खोलीखोलीतून काढला होता. रायगडा गावच्या हॉटेलला तो लावू नका आणि कुझेनकिनोलाही नको. प्रत्येक सांगाडा वेगळा मोजावा लागतो.

राहता राहिला ‘तो जिवंत आहे’. याला खतपाणी त्यानंच घातलं होतं. २०१९ मध्ये काँगोत एक मालवाहू विमान पडलं तेव्हा तो त्यात होता अशी बातमी आली आणि तीनच दिवसांत तो हजर झाला. बंडानंतर त्याच्या घराची झडती झाली तेव्हा केसांचे टोप आणि खोट्या दाढ्या लावलेले त्याचे फोटो बाहेर आले. २३ ऑगस्टला त्याचं दुसरं विमानही हवेत होतं, ते मॉस्कोला परतलं. ३१ ऑगस्टला एक चित्रफीत आली : चालत्या गाडीत, टोपी घालून तो म्हणतोय की मी जिवंत आहे का याची चर्चा करणाऱ्यांनो, मी आफ्रिकेत आहे, सगळं ठीक आहे. ती मरणाआधी काही दिवसांची होती. आणि २९ ऑगस्टला पोलिसांनी सेंट पीटर्सबर्गच्या एका दफनभूमीला कडं घातलं, पत्रकार तिथे धावले, आणि त्याला गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला पोरोखोव्स्कोयेमध्ये पुरलं.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, आणि पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, एक तोतया भाऊ म्हणून उभा राहिला तर कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. ज्यांनी ते दिले ते सगळे मूर्ख नव्हते, काहींना पुण्याच्या कारभाऱ्यांवर राग होता आणि भाऊ जिवंत असणं सोयीचं होतं. नेताजींच्या मृत्यूवर तीन चौकशा झाल्या, अजून वाद आहे. प्रिगोझिनचा तोतया मात्र उभा राहणार नाही, कारण त्याच्या जिवंत असण्यात कुणाचीच सोय नाही. फौज वाटून घेतली गेली, आफ्रिकेतली कामं संरक्षण खात्यानं नव्या नावाखाली उचलली. जो माणूस रोज दोन-दोन ध्वनिफिती सोडल्याशिवाय जेवत नसे, तो इतकी वर्षं गप्प बसेल? डीएनए अहवालावर तुमचा विश्वास नसेल तर नसू दे, मला त्याची बडबड थांबली हाच पुरावा पुरतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारलं असतंत की एकच वस्तू मागायची तर काय मागाल, तर मी ब्लॅक बॉक्स मागितला नसता. त्यात तीस सेकंदांची गडबड आणि एक ठोका असणार, आणि त्या ठोक्यावर कनिष्कसारखे दोन तज्ज्ञ भांडणार. मी तुटलेल्या पंखाचं मूळ मागितलं असतं, मुख्य तुळईच्या दोन्ही बाजूंचा हातभर तुकडा. टेबलावर पांढरा कागद, त्यावर तुकडा, बाजूनं तिरपा दिवा. कड आत वळली आहे की बाहेर, आणि अंगठ्याखाली खड्डे कोणत्या बाजूला लागतात, एवढंच बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.